भट्टीचा ब्लोअर वरचेवर जळतोय? मोटर बदलण्याआधी या चुका टाळा

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात आमच्या इंदूरच्या मोटर दुरुस्तीच्या दुकानाच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसते. शेवेच्या कारखान्यांतले ब्लोअर, चिवडा-चकलीच्या ऑर्डरी घेणाऱ्या रामबागेतल्या काकूंचे, सराफ्यात चांदी गाळणाऱ्यांचे, सांवेर रोडवरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या ओतकामातले. आणणारा कोणीही असो, वाक्य ठरलेलं: "भिया, मोटर फुंक गई." मराठी गिऱ्हाईक असलं तर पुढे एक शेपूट असतं, "दादा, या वेळी जरा मोठी बसवा."

त्या 'जरा मोठी'शी माझं जुनं भांडण आहे. वडील हुकुमचंद मिलमध्ये मोटरींच्या वाइंडिंगचं, म्हणजे आतली तार गुंडाळायचं काम करायचे. १९९१मध्ये मिल बंद पडली आणि त्यांनी हे दुकान थाटलं. मोटर उघडण्याआधी ते गिऱ्हाइकाला विचारायचे, "हवा येते कुठून आणि जाते कुठे?" मला तेव्हा तो वेळकाढूपणा वाटायचा. आता मीही तेच विचारतो, कारण मोटर जळालेली असली तरी मूळ दुखणं बहुतेक वेळा पुढच्या नळीत, मागच्या जाळीत नाहीतर स्टार्टरच्या डब्यात सापडतं.

एचपी सांगून ब्लोअर घेणे

"एक एचपीचा द्या" असं म्हणून ब्लोअर घेणं म्हणजे फक्त कापडाचं वजन सांगून सदरा शिवायला टाकणं. एचपीवरून मोटर किती भार पेलेल ते कळतं. हवा किती मिळेल आणि किती दाबाने, ते इंपेलरचा, म्हणजे आतल्या पात्यांच्या चाकाचा व्यास, त्याची रुंदी आणि मिनिटाचे फेरे ठरवतात. १४४० फेऱ्यांचा रुंद इंपेलर भरपूर हवा देतो, पण दाब बेताचा. २८०० फेऱ्यांचा अरुंद, मोठ्या व्यासाचा इंपेलर हवा कमी देतो, पण ती कोळशाच्या जाड थरातून वर काढतो. डिझेलच्या किंवा गॅसच्या बर्नरला कोणता लागेल ते बर्नरच्या तोंडावर अवलंबून असतं, म्हणून बर्नर विकणाऱ्याला हवा आणि दाब हे दोन्ही आकडे मागा. एका पठ्ठ्याने तर भट्टीपुढे भिंतीचा एक्झॉस्ट पंखाच लावला होता. तो पंखा मोकळी हवा हलवतो, दाब जवळपास शून्य. कोळसा ढिम्म आणि पंखा गरगर.

नळीचं तर विचारूच नका. पाटनीपुऱ्याकडच्या एका फरसाणवाल्या तात्यांनी १ एचपीचा ब्लोअर काढून २ एचपीचा लावला, तरी कढई तापेना. मी गेलो तेव्हा सोबत आमचं घरगुती यंत्र नेलं: गवंड्याच्या लेव्हलची पारदर्शक नळी 'यू'सारखी वाकवून फळीवर ठोकलेली, शेजारी फूटपट्टी, नळीत कुंकवाचं पाणी. एक तोंड हवेच्या नळीला भोक पाडून लावायचं, दुसरं मोकळं. ब्लोअरच्या तोंडाशी पाण्याच्या दोन पातळ्यांत ८ इंचांचा फरक. भट्टीच्या तोंडाशी तोच फरक १ इंचसुद्धा नाही. मधला सगळा दाब नळीने खाल्ला होता. ब्लोअरचं तोंड ४ इंची, आणि प्लंबरने पहिल्याच वीतभरात ते २ इंचांवर आणून पुढे तीन काटकोनी एल्बो टाकले होते. व्यास निम्मा केला की तेवढीच हवा ढकलायला साधारण ३० पट दाब लागतो. ४ इंची पत्र्याची नळी टाकली, एकच लांब वळण ठेवलं आणि तात्यांचा जुना १ एचपीचाच ब्लोअर परत बसवला. दोन एचपीचा अजून त्यांच्या माळ्यावर आहे.

पुली मोठी, फेरे जास्त, मग बिघडलं कुठे?

पट्ट्यावर चालणाऱ्या ब्लोअरचा हा लाडका उपाय. मोटरवरची ४ इंची पुली काढून ५ इंची लावली की फेरे सव्वापट होतात. हवाही सव्वापट. पण दाब वर्गाने वाढतो आणि ताकद घनाने: १.२५ × १.२५ × १.२५ म्हणजे जवळजवळ १.९५. दोन एचपीच्या मोटरकडून तुम्ही आता चार एचपीचं काम मागताय. ड्राइव्हवर, म्हणजे विजेचे हर्ट्झ बदलून मोटरचा वेग बदलणाऱ्या डब्यावर, ५०चे ५५ हर्ट्झ करणाऱ्यांचाही तोच हिशेब, तिथे ताकद ३३ टक्क्यांनी वाढते. याची दुसरी बाजू मात्र कामाची आहे. फेरे थोडे कमी केले तरी वीज पुष्कळ वाचते, म्हणून मोठ्या ब्लोअरला ड्राइव्ह लावणं परवडतं.

पंख्याचा रेग्युलेटर

हा सिंगल फेजवाल्यांचा रोग. आच कमी-जास्त करायला पंख्याचा रेग्युलेटर जोडतात. कार्बन ब्रशची छोटी मोटर असेल, शेगडीवर धरतात तसली घरघरणारी, तर काही बिघडत नाही. पण ज्या मोटरीत सुरू होण्यापुरता कंडेन्सर असतो, तिच्या आत एक सेंट्रिफ्युगल स्विच असतो. मोटर साधारण तीन-चतुर्थांश वेगाला पोचली की तो सुरुवातीची कॉइल बाजूला करतो. बटण बंद केल्यावर मोटर मंदावते तेव्हा 'टक्' आवाज येतो ना, तोच हा. रेग्युलेटरने वेग फार उतरवला की स्विच पुन्हा जुळतो आणि काही सेकंदांसाठी केलेली ती बारीक तारेची कॉइल चालूच राहते. मग काही वेळातच वार्निशचा वास. मोटर उघडली की चालू कॉइल पिवळीधमक, सुरुवातीची काळीठिक्कर. मग गिऱ्हाइकाला काही विचारावं लागत नाही, रेग्युलेटर कुठे लावलाय तेवढंच विचारतो.

हवा कमी करायची तर नळीत झडप घाला. इथे लोक हमखास दचकतात: "दादा, झडप लावली तर मोटरवर लोड येईल ना?" येत नाही. अशा गोगलगायीच्या आकाराच्या ब्लोअरचं तोंड बंद केलं की हवा वाहत नाही, काम होत नाही, करंट उतरतो. तारेभोवती धरून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावून स्वतः बघा. झडप अगदी गच्च बंद करून तासभर मात्र ठेवू नका, आत तीच हवा घुसळून तापते.

याच्या उलट घडतं ते मोकळ्या ब्लोअरला. गेल्या वर्षी एकाने नवा ३ फेज ब्लोअर नळी न जोडता जमिनीवर ठेवून चालवून पाहिला. दोन मिनिटांत ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा स्विच) पडला आणि तो गिऱ्हाईक थेट दुकानदाराशी भांडायला गेला. पुढे अडथळाच नसला की ब्लोअर सगळ्यात जास्त हवा ओढतो आणि करंटही सगळ्यात जास्त तेव्हाच घेतो. नळी जोडल्यावर तोच ब्लोअर मुकाट्याने चालला. चाचणी करायचीच तर तोंडावर अर्धवट पत्रा धरून करा. आणि रिलेचा काटा मोटरच्या पट्टीवर लिहिलेल्या अँपिअरवरच ठेवा. २ एचपीच्या तीन फेज मोटरीला साधारण साडेतीन अँपिअर लागतात. 'सारखा पडतो' म्हणून काटा ६वर नेऊन ठेवलेले महाभाग मी पाहिलेत. त्यांचा रिले खरंच पडत नाही, मोटर पडते.

उलटा फिरतोय, तरी हवा येतेय

तीन फेजच्या ब्लोअरमध्ये हे सहज फसवतं. भिंतीचा पंखा उलटा फिरला तर हवा उलट्या बाजूला जाते, लगेच कळतं. हा गोगलगायीसारखा ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर येते, फक्त खूप कमी. वायरमन स्टार्टर बदलून जातो आणि दुसऱ्या दिवसापासून 'भट्टी धरत नाही' सुरू होतं. केसिंगवर बाण असतो. मोटर बंद करून इंपेलर थांबता थांबता त्याच दिशेला फिरतोय का ते बघा. उलटा असला तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की काम झालं. मेन स्विच मात्र आधी पाडायचा, हे सांगावं लागतं ही खंत आहे.

उष्णता, बेसन आणि तेलाची वाफ

इंदूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्यात कढईपाशी चार हातांवर मोटर ठेवली तर तिने गार व्हावं कसं? मोटरीच्या मागच्या टोपीखाली तिचा स्वतःचा पंखा असतो, तो अंगावरच्या रेघांमधून हवा नेतो. शेवेच्या कारखान्यात त्याच रेघांवर बेसन बसतं, त्यावर तेलाची वाफ, त्यावर पुन्हा बेसन. एका मोटरीच्या अंगावरून मी पुट्टीच्या पात्याने थर खरवडला तर वाटीभर निघाला, आणि आत रेघा कोऱ्या करकरीत, रंगही न उडालेला. वरून कोणीतरी धूळ बसू नये म्हणून पोतंही घातलेलं. वाइंडिंगवाल्यांचा अंदाज असा की तारेवरचं इन्सुलेशन ठरलेल्या मर्यादेपेक्षा दर १० अंशांनी जास्त तापलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. इन्सुलेशनचे क्लास असतात: एफ क्लासची मर्यादा १५५ अंश, बी क्लासची १३०. भट्टीजवळ लावायची असेल तर पट्टीवर एफ किंवा एच बघून घ्या. हात लावून 'गरम आहे' हे निदान नव्हे. चांगल्या चालणाऱ्या मोटरीच्या अंगावरही हात टिकत नाही.

हाच चिकट थर इंपेलरच्या पात्यांवर बसतो. सारखा बसला तर हवा कमी होते, एका बाजूचा पापुद्रा निघाला तर थरथर सुरू होते आणि मग बेअरिंग जातं. साफ करायचं तर सगळी पाती साफ करा, दिसतील तेवढीच नको. नंतर हाताने फिरवून सोडा. दर वेळी तीच बाजू खाली येऊन थांबत असेल तर तोल गेलाय. बेअरिंग बदलताना बॉक्सवर सी३ लिहिलेलं मागा. गरम जागेसाठी त्यात थोडी जास्त ढील दिलेली असते. ग्रीस ठासून भरू नका, मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्यापासून अर्ध्यापर्यंत पुरे. जास्त ग्रीस घुसळून तापतं आणि वितळून वाइंडिंगवर जातं.

कोळशाची भट्टी बंद करताना ब्लोअर थांबवला की निखाऱ्यांची गरम हवा नळीतून मागे येते आणि दांडा, बेअरिंग तापवते. नळीतली झडप लावून टाका, दोन सेकंदांचं काम आहे.

गॅस आणि डिझेलच्या भट्टीत चूक झाली तर नुकसान मोटरीपुरतं राहत नाही. आधी ब्लोअर, मग इंधन. बंद करताना आधी इंधन, मग ब्लोअर. वीज गेली की ब्लोअर थांबतो, पण गॅस येतच राहतो, डिझेल तापल्या विटांवर ठिबकत राहतं. वीज परत आली की भडका. वीज जाताच इंधन तोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावून घ्या. इथे पैसे वाचवणाऱ्याशी मी फार बोलत नाही, काम परत करतो.

फायरप्लेसचा आणि परदेशातला ब्लोअर

महूच्या बाजूला फार्महाउस बांधलेले एक डॉक्टर आहेत. माळव्यातल्या जानेवारीच्या रात्रींसाठी हौसेने फायरप्लेस केली आणि मुलाने अमेरिकेहून ब्लोअर आणला. १२० व्होल्टचा म्हणून ट्रान्सफॉर्मर लावला, तरी हवा कमी आणि मोटर तापते. कारण तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. वेग सहाव्या हिश्श्याने उतरतो, आणि तेवढंच व्होल्टेज कमी हर्ट्झवर दिलं की लोखंडात चुंबकत्व जास्त होऊन मोटर तापते. ट्रान्सफॉर्मरचा १०० व्होल्टचा टॅप घेतला, तापणं थांबलं. हवा कमीच राहिली, ती तशीच राहणार. दुसरी तक्रार होती, "आग पेटली तरी चालू होत नाही." तो बिघाड नव्हे. फायरबॉक्सला चिकटवलेला उष्णतेचा स्विच तापल्याशिवाय तो ब्लोअर सुरूच होत नाही, अर्धा तासही लागतो. स्विच चुंबकाने चिकटवलेला असतो, तो घसरून पडला असेल तर मात्र कितीही वाट बघा.

तिकडच्या घरांतला फर्नेसचा ब्लोअर आगीला हवा देत नाही, घरातली हवा गरम पत्र्यावरून फिरवतो. माझ्या भाच्याचा कॅनडातून फोन आला, "मामा, पाच मिनिटांत ज्योत विझते आणि पंखा चालूच राहतो, मोटर बदलू का?" मी विचारलं, फिल्टर कधी बदललास? तो गप्प. फिल्टर तुंबला की हवा कमी, आतलं तापमान वाढतं आणि लिमिट स्विच ज्योत तोडतो. मोटर खरंच बदलायची वेळ आली तर दांड्याचा व्यास, फिरण्याची दिशा, फेरे आणि पट्टीवर लिहिलेले कंडेन्सरचे मायक्रोफॅरड जुळवायचे. जुना कंडेन्सर नव्या मोटरला तसाच जोडायचा नाही.

वाइंडिंगला देताना

जळालेली मोटर उघडून तुमच्यासमोर दाखवायला सांगा. तिन्ही फेज सारखे काळे असतील तर भार किंवा उष्णता. स्टार आणि डेल्टा या कॉइल जोडायच्या दोन पद्धती: स्टारमध्ये जोडलेल्या मोटरीत दोन फेज काळे आणि एक कोरा, किंवा डेल्टामध्ये एकच काळा, तर विजेचा एक फेज गेलेला होता. अशा वेळी नवी वाइंडिंग करून उपयोग नाही, आधी फ्यूज आणि स्टार्टरचे कॉन्टॅक्ट बघा. जुन्या तारेचं गेज आणि टर्न लिहून ठेवायला लावा. काही जण तांबं वाचवायला तार बारीक घालतात आणि मोटर पहिल्या दिवसापासून गरम चालते. जुनी कॉइल काढायला स्टेटरवर, म्हणजे मोटरीच्या न फिरणाऱ्या भागावर, गॅसची ज्योत मारू देऊ नका, पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं. परत घेताना ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) रीडिंग मागा. १ मेगओमपेक्षा कमी आलं तर वार्निश नीट भाजलेलं नाही, मोटर तिथेच ठेवून या. रीडिंग ठीक असेल तर बसवून, भट्टी पेटवून करंट मोजा आणि तो आकडा तारखेसकट मोटरच्या टोपीवर मार्करने लिहून टाका.