खाडीच्या सवयी घेऊन फ्लॅटवर जाऊ नका: खाऱ्या उथळ पाण्यातल्या फ्लाय फिशिंगमधल्या चुका

मासा आला, फ्लाय (पिसं-दोऱ्याचं नकली भक्ष्य बांधलेला गळ) तोंडात घेतली आणि सुटला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मालदीव, सेशेल्ससारख्या प्रवाळबेटांवर फ्लाय रॉड घेऊन गेलेल्या ठाणे-नवी मुंबईच्या मंडळींची ही नेहमीची तक्रार. दोष गळाच्या धारेवर किंवा नशिबावर जातो. मूळ मात्र बहुतेक वेळा आपल्या हाताच्या सवयीत असतं. आपण गळ टाकायला शिकतो ते गढूळ खाडीत, आमिष लावून, मासा न दिसता. फ्लॅट म्हणजे गुडघाभर स्वच्छ पाण्याखालची पांढरी वाळू. तिथं खाडीतलं बरंचसं शिक्षण उलटं पडतं.

वर झटका मारणं

जिताडा किंवा तांबोशी लागली की आपण रॉड वर खेचतो. जाड, ताठ रॉडला ते चालतं. फ्लाय रॉडचं टोक मऊ असतं. झटक्याची सगळी ताकद त्याच्या वाकण्यातच जिरते आणि गळ रुतत नाही. त्यातच फ्लाय पाण्याबाहेर उडते आणि मासा बिथरतो.

फ्लॅटवरचा चंदेरी, वेगवान मासा बोनफिश डोकं खाली करून तळावरचे खेकडे, कोळंबी टिपतो. त्याने फ्लाय घेतल्याचा हिसका फारसा जाणवत नाही, फक्त दोरी जड होते. त्या क्षणी रॉडचं टोक माशाकडे आणि पाण्यालगत ठेवायचं आणि डाव्या हाताने लाईन लांब, सरळ मागे ओढायची. याला स्ट्रिप स्ट्राईक म्हणतात. याचा मोठा फायदा असा, की गळ लागला नाही तरी फ्लाय हातभरच पुढे सरकते, घाबरून पळणाऱ्या कोळंबीसारखी, आणि मासा बहुधा पुन्हा झडप घालतो. वर झटका मारला की ही दुसरी संधी गेलीच.

मासा लागल्यावरही रॉड लगेच उचलू नका. पायापाशी पडलेली सुटी लाईन आधी रॉडवरच्या कड्यांमधून सरळ निघून जाऊ द्या, नजर लाईनवर ठेवा. बोनफिशची पहिली धाव शंभर मीटरवर जाऊ शकते. लाईन पायाखाली आली किंवा रीलच्या मुठीला अडकली, तर लीडर, म्हणजे लाईनच्या टोकाची बारीक पारदर्शक दोरी, तुटतोच.

ही सवय घरूनच मोडून जा. मैदानात मित्राला लीडरचं टोक धरायला सांगा. त्याने न सांगता ओढलं की तुम्ही फक्त डाव्या हाताने उत्तर द्यायचं. पन्नास वेळा केलंत की हाताला कळतं.

आपलं भरतीचं गणित तिकडे लावणं

तिथीला तीनने गुणा, चारने भागा, भरतीची वेळ मिळते. हा हिशोब आपल्या किनाऱ्यावर छान चालतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पण तो इथलाच आहे. उधाण-भांगाचं (मोठ्या-लहान भरतीचं) चक्र सगळीकडे चंद्राचंच असलं, तरी भरतीची वेळ आणि उंची जागेप्रमाणे बदलते. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. लक्षद्वीप-मालदीवकडे हा फरक साधारण मीटर-दीड मीटरच्या आत असतो. तिथलंच टाईड टेबल घ्या. आणि लक्षात ठेवा, प्रवाळाच्या कडेला भरती लागली तरी आतल्या रुंद फ्लॅटवर पाणी पोहोचायला वेळ लागतो.

उन्हाळ्यात यात आणखी एक गोष्ट मिसळते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. दुपारी उथळ पाणी बत्तीस अंशांच्या वर तापलं की बोनफिश खोल कडेला निघून जातो. मग भर दुपारी ओहोटीच्या तापल्या डबक्यात कितीही सुंदर कास्ट केली, म्हणजे लाईन फेकली, तरी काय उपयोग? पहाटेचं पाणी धरा, किंवा बाहेरचं गार पाणी आत आणणारी चढती भरती. गाईडने पाचला उठवलं तर कुरकुर करू नका.

वारा नसताना सराव करणं

नवी मुंबईत सकाळी सहाला मैदानात वारा जवळजवळ नसतो. त्या वेळी साठ फूट लाईन सुरेख जाते आणि खोटा आत्मविश्वास येतो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पश्चिमेकडून समुद्रवारा सुटतो. सराव तेव्हाच करा, खारघरला, वाशीला, जिथं मोकळी हिरवळ मिळेल तिथं. सिमेंटवर नको, लाईनचा थर खरवडतो. फ्लायचा गळ कापून टाका, नाहीतर लोकरीचा तुकडा बांधा.

वारा उजव्या खांद्यावर घ्या आणि बघा काय होतं. उजव्या हाताने टाकणाऱ्याची फ्लाय अंगावर येते. अशा वेळी पाठ वळवून मागच्या कास्टवरच फ्लाय सोडायला शिका. जोर वाढवू नका. जास्त जोराने लूपचं (हवेतल्या लाईनच्या वळणाचं) शेपूट अडकतं आणि लीडरमध्ये गाठी पडतात. फ्लॅटवर नव्वद फूट फेकणारा लागत नाही. चाळीस फुटांवर, लाईन दोन-तीनदाच हवेत फिरवून, ताटाएवढ्या जागेत फ्लाय ठेवणारा लागतो.

लाईन उष्ण प्रदेशासाठी बनवलेलीच घ्या. ट्राउटची थंड पाण्याची लाईन उन्हात मऊ पडते आणि रॉडच्या कड्यांना चिकटते. आणि कोणतीही लाईन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

पाण्यावर बघणं, पाण्यात न बघणं

पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा तांबूस किंवा अंबर काचेचा हवा. करड्या काचेचा भर समुद्रात ठीक. सूर्य पाठीशी ठेवा, पण स्वतःची सावली माशावर पडू देऊ नका. बोनफिशचं अंग आरशासारखं असतं, मासा शोधाल तर दिसणार नाही. तळावर सरकणारी सावली शोधा. गाईड ‘दहा वाजता, चाळीस फूट’ म्हणाला तर होडीचं नाक म्हणजे बारा.

फ्लाय डोक्यावर आपटली की मासा पळतो. त्याच्या वाटेवर तीन-चार फूट पुढे ठेवा, आणि ओढताना ती माशापासून दूर जाईल अशी ओढा. भक्ष्य कधी शिकाऱ्याच्या अंगावर धावत येत नाही. घोटाभर पाण्यात हलक्या, मणीसाखळीच्या डोळ्यांची फ्लाय लावा. शिशाच्या डोळ्यांची खोल पाण्यासाठी.

पाय

पाऊल उचलून टाकू नका, वाळूवर घासत चाला. वाळूत पुरलेली पाकट धक्का लागला तर निघून जाते, पाय पडला तर नांगी मारते. जाड तळाचे बूट हवेतच, दगडासारख्या दिसणाऱ्या, विषारी काट्यांच्या स्टोनफिशसाठीही. नांगी लागलीच तर जखम सोसवेल तितक्या गरम पाण्यात, पंचेचाळीस अंशांच्या आत, बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा.

‘मग ठाणे खाडीतच का नको?’

ऐरोलीच्या पुलावरून ओहोटीतली खाडी फ्लॅटसारखी दिसते, म्हणून हा प्रश्न येतो. तळ वाळूचा नाही, गाळाचा आहे; माणूस मांडीपर्यंत रुततो आणि भरती चढू लागते. गढूळ पाण्यात मासा दिसत नाही. शिवाय २०१५ पासून इथला मोठा भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). परवानगीशिवाय आत जाणं बेकायदा आहे, आणि मेपर्यंत तिथं पक्षी चरत असतात. त्यांना उठवून आपला सराव करणं मला मुळीच पटत नाही.

सोडताना आणि परतल्यावर

तापल्या पाण्यात मासा लवकर थकतो. गळाच्या टोकाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, झुंज लांबवू नका, हात ओले करा, मासा पाण्यातच ठेवून सोडा. फोटोसाठी बाहेर काढलात तर काही सेकंदच. दमलेला मासा शार्कच्या तोंडी जातो, म्हणून शार्क फिरत असतील तर ती जागाच सोडा.

रोज संध्याकाळी रील, रॉडच्या कड्या, पक्कड गोड्या पाण्याने हलकेच धुवा. जोराची धार मीठ आत ढकलते. ड्रॅग (रीलचा ब्रेक) सैल करून ठेवा. घरी आल्यावर फ्लाय पूर्ण वाळवूनच डबीत भरा. जूनच्या दमट हवेत एक ओली फ्लाय शेजारच्या सगळ्यांना गंज लावते.