जुना मोबाइल भंगारात देण्यापूर्वी

कपाटात पडून राहिलेला मोबाइल किंवा बंद टीव्ही तिथे असेपर्यंत फारसा अपाय करत नाही. अपाय सुरू होतो तो कोणीतरी तो फोडायला घेतल्यावर. तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या की त्यांच्या पीव्हीसी आवरणातून डायऑक्सिनसारखी विषारी संयुगे हवेत जातात. सोन्याच्या कणभर अंशासाठी सर्किट बोर्ड ॲसिडमध्ये बुडवले, तर शिसे आणि इतर जड धातू मिसळलेले ते पाणी सहसा गटारातच ओतले जाते. ठाणे आणि नवी मुंबईतले अनेक नाले खाडीला मिळतात, आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळालेल्या या ठाणे खाडीच्या चिखलातच फ्लेमिंगो आपले अन्न शोधतात. म्हणून आपली वस्तू कोण फोडणार, हे आपणच ठरवायला हवे.

मोबाइल देण्याआधी फोटो व संपर्क दुसरीकडे उतरवून घ्यावेत, सर्व खात्यांतून बाहेर पडावे, मग फॅक्टरी रीसेट करून सिम आणि मेमरी कार्ड काढावे. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र तो फोन चार्जिंगला मुळीच लावू नये, दाबू किंवा टोचू नये. कोरडी वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात तो घराबाहेरच्या सावलीत ठेवावा, कारण लिथियम-आयन बॅटरीला छिद्र पडले की ती क्षणात पेट घेऊ शकते. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, त्यामुळे त्या अखंड, खोक्यात घालूनच द्याव्यात. फुटल्यास आधी खिडक्या उघडाव्यात आणि झाडू न वापरता जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करावेत. जुन्या, फुगीर काचेच्या टीव्हीच्या नळीत शिसे असते, तो घरी उघडून पाहू नये.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (टाकाऊ विद्युत व इलेक्ट्रॉनिक वस्तू) नियमांनी पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, त्यामुळे कंपनीच्या सेवा केंद्रात जुनी वस्तू परत घेता का, हे निःसंकोच विचारावे. अन्यथा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतला अधिकृत पुनर्चक्रणकर्ता शोधावा. एका घराच्या दोन चार्जरांसाठी तो गाडी पाठवेलच असे नाही. सोसायटीने सर्वांच्या वस्तू एकत्र साठवून त्याला बोलावणे अधिक व्यवहार्य ठरते, असा माझा सल्ला आहे. त्याच्याकडून वजनाची पावती घ्यावी, आणि तोपर्यंत साठवणीचा खोका मीटर रूममध्ये किंवा जिन्याखाली ठेवू नये.