पाय सुन्न की लक्ष दुसरीकडे? स्पर्श तपासायची रीत

कापूस वेचून आल्यावर हात धुताना बोटांवरचे ओरखडे दिसतात. वाळलेल्या बोंडाची टोकं सकाळपासून लागतच होती, पण ध्यान वेचणीत होतं. कातडीकडून निरोप तेव्हाही निघत होता. मेंदू मात्र जिथं लक्ष असतं तिथलाच निरोप उचलून धरतो, बाकीचे मागे पडतात. म्हणून शुगरच्या पेशंटचे पाय किंवा कुष्ठरोगाची शंका असलेला अंगावरचा चट्टा तपासताना आधी लक्षाचा बंदोबस्त करा. नाहीतर चांगला पाय सुन्न ठरेल आणि सुन्न पाय चांगला.

वावरातून आल्याबरोबर तपासू नका. पाय धुऊन, कोरडे करून 15 मिनिटं टेकू द्या. थंडीत गारठलेल्या पायाला स्पर्श कमी कळतो. टीव्ही बंद, लेकरं बाहेर. माणसाला खाटेवर आडवं करा, एकदा हातावर स्पर्श करून दाखवा, मग डोळे मिटायला सांगा. डोळे उघडे असले की माणूस पाहून उत्तर देतो. शिवाय, नुसतं त्या अवयवाकडे पाहत असलं तरी स्पर्श जास्त बारीक कळतो.

आता दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशी 6 बोटं घ्या. आपल्या तर्जनीनं बोटाच्या टोकाला 1 ते 2 सेकंद अलगद स्पर्श करा. दाबायचं नाही, टिचकी नाही, घासणं नाही. कळलं की त्यानं ‘उजवा’ किंवा ‘डावा’ एवढंच म्हणावं. एखादं बोट चुकलं तर लगेच तिथंच परत हात लावू नका, कारण आता त्याचं सगळं ध्यान त्याच बोटावर असतं. 6 पैकी 2 किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर संवेदना कमी झाली आहे असं धरा.

चट्ट्यासाठी बॉलपेनचं टोक पुरतं. आधी चांगल्या कातडीवर, मग चट्ट्यावर हलकेच टेकवा. जिथं लागलं तिथं त्यानं मिटल्या डोळ्यांनी बोट ठेवायचं.

सगळ्यात जास्त घोळ तालामुळे होतो. मोजून दर 3 सेकंदांनी हात लावला की माणूस तालावरच ‘उजवा, डावा’ म्हणत सुटतो. वेळ मागेपुढे करा, मधूनच काही न लावता थांबा. त्या रिकाम्या पाळीला उत्तर आलं, तर तो खोटं बोलतो असं समजू नका: बोटाकडे ध्यान लावून बसलं की काही न लागताही मुंग्या, ऊब जाणवते. 10 मिनिटं थांबून सगळं पहिल्यापासून करा. ‘लागलं का?’ हे तर विचारूच नका. म्हातारी माणसं तुमचं मन राखायला ‘हो’ म्हणतात.

भेगा, घट्टे असलेल्या जागा सोडा. तिथं जाड कातडीच स्पर्श अडवते.

पायाची संवेदना कमी निघाली तर आशाताईंना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. चट्टा सुन्न निघाला तर थांबूच नका. चंद्रपूर-गडचिरोलीकडे कुष्ठरोग अजून आढळतो, आणि त्याच्या 6 किंवा 12 महिन्यांच्या उपचाराची गोळ्यांची पाकिटं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

सुन्न पायावर कितीही लक्ष दिलं तरी काटा कळणार नाही, तिथं काम डोळ्यांचं. रोज संध्याकाळी आरसा जमिनीवर ठेवून तळवा पाहा, चप्पल झटकून घाला, शेकोटीपासून पाय लांब ठेवा.