लाईट आली की लगेच बटण दाबू नका : लागोसला नव्याने येणाऱ्यांसाठी

लागोसला उतरल्यावर पहिल्या आठवड्यातच तुम्हाला एक आरोळी ऐकू येईल. कंपाउंडमधली पोरं, गेटवरचा वॉचमन, पलीकडच्या बिल्डिंगमधल्या बायका, सगळे एका सुरात ओरडतात, "अप नेपा!" म्हणजे लाईट आली. नेपा हे 1972 साली सुरू झालेलं जुनं सरकारी वीज मंडळ. 2005 मध्ये त्याचं नाव बदललं. 2013 मध्ये वितरण खाजगी कंपन्यांकडे गेलं आणि लागोस शहर एको आणि इकेजा अशा दोन कंपन्यांत वाटलं गेलं. पण लोकांच्या तोंडी अजून नेपाच आहे. आपल्याकडे एमएसईबीची महावितरण होऊनही बरीच वर्षं झाली, तरी बाबा "एमएसईबीचं बिल भरून आलो" असंच म्हणतात ना, तसं.

ती आरोळी ऐकली की नवा माणूस आनंदाने एसीच्या बटणाकडे धावतो. मीही धावायचे. पहिल्या तीन महिन्यांत माझ्या फ्रीजचा कॉम्प्रेसर, मायक्रोवेव्ह आणि वायफायच्या राउटरचा अडॅप्टर गेला. तिन्ही वस्तू गेल्या त्या लाईट परत आल्यावर. लाईट जाण्याने वस्तूचं सहसा काही बिघडत नाही, ती नुसती बंद पडते. लाईट येते तेव्हा मात्र ती किती व्होल्टची येईल याचा भरवसा नसतो. सगळ्या गल्लीतले एसी आणि फ्रीज एकाच क्षणी ओढायला लागतात, व्होल्टेज खाली बसतं, मग कुणाकुणाची मेन उडते आणि ते उसळून वर येतं. पहिली पाच मिनिटं हा झोपाळा चालू असतो. म्हणून आमच्या घरचा नियम असा, की लाईट गेली की फ्रीज, एसी आणि मायक्रोवेव्हचे एमसीबी, म्हणजे बोर्डावरचे सुरक्षा स्विच, खाली. लाईट आली की आधी फक्त एक दिवा. पाच मिनिटांनी बाकीचं.

देश एवढा मोठा असून असं का, हे प्रत्येकजण विचारतो. वीस कोटींहून जास्त लोकसंख्येच्या नायजेरियाच्या ग्रिडवर साधारण चार-पाच हजार मेगावॅट वीज असते. एकट्या महाराष्ट्राची उन्हाळ्यातली मागणी पंचवीस हजारांच्या वर जाते, यावरून काय ते समजा. इथे ग्रिड कोसळण्याची बातमीही नवी नाही, 2024 मध्ये तर ती वर्षभर येत राहिली. ग्रिड पडला की अख्खं शहर अंधारात, आणि मग रात्रभर जनरेटरांची घरघर.

घर बघायला जाल तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्याआधी एक प्रश्न विचारा : हा एरिया कुठल्या बँडचा? ए बँडला दिवसाला किमान 20 तास, बीला 16, सीला 12, डीला 8 आणि ईला 4 तास वीज द्यायची असा हिशोब आहे. एप्रिल 2024 मध्ये ए बँडचा दर युनिटमागे 68 नायराच्या आसपासवरून एकदम 225 नायरा झाला, त्यामुळे "ए बँड आहे" हे घरमालक अभिमानाने सांगतो आणि भाडेकरू कपाळाला हात लावतो. मीटर प्रीपेड आहे का तेही बघा. फोनवर पैसे भरले की वीस आकडी टोकन येतं, ते मीटरच्या कीपॅडवर दाबायचं. ते लिहून ठेवायची एक वही करा. कंपनीच्या कंपाउंडमध्ये राहायला मिळणार असेल तर मोठा डिझेल जनरेटर असेल आणि चोवीस तास लाईट मिळेल. तरी नेपावरून जनरेटरवर आणि परत नेपावर जाताना काही सेकंदांचा खंड पडतो, आणि दिवसातून सहा-सात वेळा पडतो. खाली जे सांगणार आहे ते कंपाउंडमध्ये राहणाऱ्यांनाही लागू आहे.

आता मुख्य गोष्ट. काही विकत घ्यायच्या आधी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं छोटं यंत्र, घ्या, तोही भारतातूनच घेऊन या. मी बीए मराठी. मल्टिमीटर हातात धरायला मला आमच्या कंपाउंडच्या वायरमनने शिकवलं, आणि त्याला गुरुदक्षिणा म्हणून मी दर होळीला पुरणपोळी देते. एसी व्होल्टची खूण बघून त्यावर काटा आणायचा, सॉकेटच्या दोन भोकांत दोन टोकं, बोटं प्लास्टिकवरच. जमत नसेल तर वायरमनला समोर उभं करून शिका, अंदाजाने करू नका. एक आठवडा सकाळी सहा, दुपारी दोन, संध्याकाळी सात आणि रात्री अकराचा आकडा वहीत लिहा. आमच्याकडे सकाळी 235 असायचं आणि रात्री आठला 158. तो आकडा पाहिल्यावरच कळलं, की पंखा गोगलगायीसारखा का फिरतो आणि मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटं ठेवूनही भात कोमटच का राहतो.

आकडा कमी दिसला की दोष कुणाचा हे शोधायची एक सोपी रीत आहे. घरातलं सगळं बंद करून मेनजवळ मोजा. मग एक मोठा एसी लावून पुन्हा मोजा. सगळं बंद असतानाच 160 असेल तर गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर भार जास्त आहे, तुमच्या घरात काही करून ते सुधारणार नाही. पण बंद असताना 225 आणि एसी लागताच 180 होत असेल, तर बहुतेक तुमच्याच बाजूला कुठेतरी जोड सैल आहे : खांबावरून येणारी केबल, मीटरचे स्क्रू किंवा नेपावरून जनरेटरवर जाण्याचा चेंजओव्हर स्विच. आमच्या घरी तो चेंजओव्हरच निघाला. झाकण हाताला गरम लागत होतं, आत तांब्याची पट्टी काळी पडली होती. नवा बसवला आणि निम्मं दुखणं गेलं. नाहीतर आम्ही महागडा स्टॅबिलायझर आणून त्या जळक्या पट्टीच्या पुढे बसवणार होतो. आणि एक : कधीकधी लाईट नसतानाही मल्टिमीटर 60-70 व्होल्ट दाखवतो. ती भुताटकी असते. साधा बल्ब लावून बघा, पेटला नाही तर त्या व्होल्टेजमध्ये दम नाही.

इथला एक शब्द शिकून घ्या, "फेज बदलणे". गल्लीत तीन फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारा, येतात आणि बऱ्याचदा एखादा गेलेला किंवा दमलेला असतो. शेजाऱ्याकडे झगझगाट आणि तुमच्याकडे अंधार, तेव्हा हेच झालेलं असतं. घरात तिन्ही फेज आलेले असतील तर वायरमन तुम्हाला चांगल्या फेजवर टाकून देतो, किंवा ते आपोआप करणारा फेज सिलेक्टर बसवता येतो. मात्र सगळी गल्ली हेच करते. संध्याकाळी सात वाजता जो फेज चांगला असतो, तो आठपर्यंत सगळ्यांनी मिळून पाडलेला असतो.

या सगळ्यापेक्षा घातक दुखणं म्हणजे तुटलेलं न्यूट्रल (वीज परत जाण्याची तार), आणि ते मात्र झटकन ओळखता आलं पाहिजे. एका फेजचा आणि न्यूट्रलचा मिळून 230 व्होल्ट होतो, पण दोन फेजमध्ये 400 च्या आसपास असतात. खांबावरची न्यूट्रलची तार तुटली की तुमचं घर आणि दुसऱ्या फेजवरचं शेजाऱ्याचं घर त्या 400 च्या मध्ये एकामागे एक अडकतात. ज्याच्या घरात कमी वस्तू चालू, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्ट. खूण अशी : काही दिवे एकदम लखलखीत, काही मंद, आणि एखादी वस्तू चालू-बंद केली की दुसरीकडचा उजेड कमी-जास्त होतो. हे दिसलं की मोजत बसू नका, विचार करू नका, मेन पाडा. मग शेजाऱ्यांना हाक मारा.

सोबत आणलेला स्पाइक गार्डवाला एक्स्टेन्शन बोर्ड इथे वाचवेल असं समजू नका. तो क्षणार्धाच्या उसळीसाठी असतो. 300 व्होल्ट दहा मिनिटं आले तर आधी तोच जळतो. इथे लागतं ते व्होल्टेज कमी किंवा जास्त झाल्यावर तोडणारं आणि परत जोडताना काही मिनिटं थांबणारं यंत्र. फ्रीजसाठी ते प्लगसारखं छोटं मिळतं, त्याला इथे फ्रीज गार्ड म्हणतात. अख्ख्या घरासाठी बोर्डात बसणारंही मिळतं. माझ्या मते पहिला पैसा यावर घाला, स्टॅबिलायझरवर नंतर.

फ्रीजला हा थांबा का लागतो? कॉम्प्रेसर बंद पडल्यावर आत दाब राहिलेला असतो, तो उतरायला तीन-चार मिनिटं लागतात. त्याआधी किंवा कमी व्होल्टवर त्याला उठवलं तर मोटर फिरत नाही, नुसती घुमते आणि तापते. मागून "टक्... घुंऽऽ... टक्" असा आवाज येत राहिला तर फ्रीज तुम्हाला विनवतोय असं समजा आणि प्लग काढा. लॅपटॉप, फोनचे चार्जर, नवे टीव्ही यांची एवढी काळजी नको. त्यांच्या पाठीवर 100 ते 240 असं छापलेलं असतं, ते 150 वर आरामात चालतात.

स्टॅबिलायझर घेताना इथली एसीची भाषा माहीत हवी. आपण टनात बोलतो, हे हॉर्सपॉवरमध्ये बोलतात. इथला दीड हॉर्सपॉवर म्हणजे आपला एक टन, दोन म्हणजे दीड टन. नाहीतर "दीडचा द्या" म्हणाल आणि हॉल थंड होणार नाही. स्टॅबिलायझरवर 5 केव्हीए लिहिलेलं असलं तरी येणारं व्होल्टेज 140 असेल तर तो तेवढा भार पेलत नाही, म्हणून एक माप मोठा घ्या. अलाबाच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दोन सारखेच दिसणारे डबे निम्म्या किमतीच्या फरकाने मिळतात. दोन्ही उचलून बघा. हलका लागतो त्यात तांबं कमी आहे.

इन्व्हर्टर घेतलात तर मागे एक छोटा स्विच असतो, यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड. यूपीएस मोडवर तो 180 च्या खालची वीज घेतच नाही. नवी मंडळी तक्रार करतात, "लाईट आहे तरी बॅटरी उतरते," त्यांचं दुखणं बहुधा एवढंच असतं. नॉर्मल मोडवर टाका, कमी व्होल्टवरही चार्ज होईल. पण मग ते कमी व्होल्टेज तसंच पुढे जातं, म्हणून त्या लाईनवर दिवे, पंखे, राउटर एवढंच ठेवा. शिसाच्या बॅटऱ्यांना रोज पूर्ण चार्ज मिळाला नाही तर त्या लवकर मरतात. त्यामुळे चार-आठ तासच लाईट येणाऱ्या भागात ज्यांना परवडतं ते आता लिथियम आणि सोलरकडे गेले आहेत. राउटरला मात्र 12 व्होल्टचा तळहाताएवढा यूपीएस मिळतो, तो घ्याच. आईचा व्हिडिओ कॉल मध्येच तुटत नाही.

जनरेटर : चालू करून दोन मिनिटं रिकामा फिरू द्या, मग चेंजओव्हर टाका. बंद करताना आधी चेंजओव्हर काढा. पेट्रोल संपून आपोआप बंद पडेपर्यंत चालवू नका, शेवटच्या आचक्यांत व्होल्टेज वेडंवाकडं होतं. हातात उचलून नेता येणारा जो छोटा जनरेटर इथे मिळतो, त्याला लोक गमतीने "आय बेटर पास माय नेबर" म्हणतात, म्हणजे मी शेजाऱ्यापेक्षा बरा. त्यावर दोन दिवे, पंखा, टीव्ही चालवा. फ्रीज नको. आणि जनरेटर बाल्कनीत, जिन्यात किंवा खिडकीखाली कधीही ठेवू नका, पाऊस असो वा चोराची भीती. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतच घरंच्या घरं गेल्याच्या बातम्या इथे येत राहतात.

भारतातून मिक्सर आणताय, तो चालेल, व्होल्टेज आपल्यासारखंच आहे. पण इथली सॉकेट ब्रिटिश पद्धतीची, तीन चौकोनी भोकांची. वरच्या भोकात पेनाचं टोक खुपसून आपली गोल पिन दाबून बसवण्याची कला आपल्या लोकांत फार आहे. ती सोडा. आत पिन अर्धवट टेकते, ठिणग्या पडतात, शिवाय अर्थिंग मिळत नाही. 13 अँपिअरचा फ्यूज असलेला प्लग बसवून घ्या. घरात मुळात अर्थिंग आहे का तेही बघा, कारण भाड्याच्या बऱ्याच घरांत ती पिन नुसती शोभेला असते. फ्रीजला ओला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर संशय घ्या. हर्मॅटनच्या, म्हणजे सहाराकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, जमीन वाळली की चांगलं अर्थिंगही कमजोर पडतं, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायला वॉचमनला सांगा.

दोन-चार दिवस अबुजाला किंवा कुठे जाणार असाल तर फ्रीझरमध्ये वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवा. मी भारतातला एक रुपया ठेवते, इथे नाणी हाताला लागत नाहीत. परत आल्यावर रुपया वरच असेल तर मासे खा. रुपया वाटीच्या तळाशी, वर बर्फ, असं दिसलं तर मागे लाईट बराच वेळ नव्हती आणि सुरमई कितीही ताजी दिसली तरी ती टाकून द्यायची.