घर बदलताना मांजराला रुळवावे कसे

पिंजरा दोन आठवडे आधीपासून हॉलमध्ये उघडा ठेवावा, सामान हलवण्याच्या दिवशी मांजराला न्हाणीघरात बंद करावे आणि नव्या घराच्या खिडक्यांना व बाल्कनीला जाळी आधीच बसवून घ्यावी. एवढे सगळ्यांनाच जमते.

खरी कसोटी पोहोचल्यानंतर लागते. ‘सोडून द्या, फिरेल आणि रुळेल,’ हा सल्ला मी पहिल्या वेळी ऐकला व हॉलमध्येच पिंजरा उघडला. मांजर सरळ ओट्याखालच्या ट्रॉलीमागे शिरली. मी ट्रॉली काढून तिला ओढून बाहेर आणले, ही दुसरी चूक; कारण त्यानंतर ती माझ्या हाताचा वास आला तरी फिस्कारू लागली आणि तिला पुन्हा जवळ यायला आठवडा लागला.

मांजर गाल घासून दाराच्या चौकटीवर, टेबलाच्या पायांवर स्वतःचा वास लावते आणि त्यावरून जागा आपली मानते. नव्या घरात फक्त रंगाचा आणि फिनेलचा वास असतो. म्हणून सुरुवातीला एकच खोली द्यावी. तिथे तिचे जुने, न धुतलेले अंथरूण, एका कोपऱ्यात लिटरचा ट्रे (शी-शूसाठी वाळू भरलेला), त्यापासून लांब अन्नपाणी आणि लपायला भोक पाडलेला खोका ठेवावा. खोक्यात हात घालू नये. शेजारी बसून वाचत राहावे, ती स्वतः येते. वास्तुशांत असेल तर ती मांजर आणण्यापूर्वीच उरकावी. होमाचा धूर आणि मांजर बघायला आलेली पोरे तिला अजिबात सोसत नाहीत.

लपणे स्वाभाविक आहे, उपास नाही. चोवीस तास काहीच खाल्ले नाही तर डॉक्टरांना गाठावे, कारण उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ असल्यास, यकृतात चरबी साठते. बोका ट्रेमध्ये कुंथतो आहे पण लघवी होत नाही, असे दिसल्यास तासभरही थांबू नये.

ती तुमच्यासमोर जेवू लागली आणि खोक्याबाहेर पसरून झोपू लागली की दार उघडावे, पण एका वेळी एकच खोली. तिच्या गालांवरून फिरवलेले सुती फडके त्या खोलीतल्या फर्निचरला तिच्या उंचीवर आधी पुसून ठेवावे.

बाहेर फिरणारे मांजर असेल तर किमान तीन आठवडे घरातच ठेवावे, अन्यथा ते जुन्या घराची वाट धरते. आणि पहिल्यांदा सोडताना जेवणाच्या वेळेआधी, उपाशीपोटी सोडावे.