कुंडीखालचा वुडलाऊस ओळखावा कसा

मृगाच्या दोन-चार सरी पडून गेल्यावर नागपुरातल्या अंगणातली जड कुंडी उचलली, की तिच्या बुडाखालून निळसर राखाडी, चपटे, सेंटीमीटरभर लांबीचे जीव सैरावैरा पळत सुटतात. आपण त्यांना सरसकट किडे म्हणतो. प्रत्यक्षात वुडलाऊस हा जमिनीवर राहायला आलेला खेकडा-कोळंबीचा भाऊबंद आहे. त्यातली पोर्सेलिओनायडीस प्रुइनोसस ही जात ओळखायची असेल, तर जीव बोटांनी उचलू नये. प्रुइनोसस म्हणजे लॅटिनमध्ये दहिवर पडलेला. प्राणिशास्त्रज्ञ ब्रांट यांनी १८३३ मध्ये दिलेले हे नाव अंगावरच्या भुरकट लेपाला साजेसे आहे, आणि नेमका तोच लेप चिमटीत पुसला जाऊन खालची तांबूस तपकिरी पाठ उघडी पडते.

आधी जागा पाहावी. शेणखताचा ढीग, ओलसर विटांची चळत, कुजता पालापाचोळा ही त्याची ठिकाणे. ओल गेली की त्याला श्वास घेणे जड जाते, म्हणून पारा ४५ अंशांवर असताना उघड्या मातीत शोधण्यात अर्थ नाही.

मग मऊ, कोरड्या कुंचल्याने त्याला पारदर्शक डबीत ढकलावे. डिवचल्यावर त्याची गोळी झाली, तर ही जात नव्हे. हा गोळी न होता पळतो. गोल वेटोळे करणारी वाणी तर निराळीच, तिच्या बहुतेक वलयांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. वुडलाऊसला पायांच्या एकूण ७ जोड्या असतात, मात्र नुकत्या जन्मलेल्या पिलाला ६, त्यामुळे मोजणी मोठ्या जीवावरच करावी.

खरी परीक्षा दहापट भिंगाखाली होते. स्पर्शिकेचा, म्हणजे डोक्यावरच्या मिशीचा, टोकाकडचा बारीक भाग दोनच तुकड्यांचा असतो. डबी खालून पाहिल्यास पोटाच्या मागच्या भागात पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन जोड्या दिसतात. ती त्याची श्वसनेंद्रिये. वरून पाहिल्यास धड जिथे संपते तिथे शेपटीकडचा भाग एकदम अरुंद होतो.

एखादा जीव अर्धा फिकट, अर्धा गडद दिसला, तर नवी जात सापडली म्हणून हुरळून जाऊ नये. वुडलाऊस कात दोन टप्प्यांत टाकतो, आधी मागच्या अर्ध्या अंगाची आणि नंतर पुढची.

छायाचित्र, तारीख आणि जागा टिपून झाल्यावर कुंडी आधी जागेवर ठेवावी आणि मगच जीव तिच्या कडेला सोडावा, म्हणजे तो बुडाखाली चिरडत नाही.