सव्वा महिना बाळंतिणीच्या मनासाठीही राखा

बेळगावच्या खानापूर तालुक्यात मी आशा सेविकेचं काम करते. दवाखान्यात बाळंतपण झालं की आम्हाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जावं लागतं. हे वेळापत्रक पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मला आईचा सव्वा महिनाच आठवला. बाळंतिणीला एकटं सोडू नये म्हणूनच आपल्या बायकांनी तो ठेवला, असं मी मानते. राखताना मात्र आपण अंगाचं बघतो आणि मनाचं विसरतो.

आधी झोप सांभाळा. न्हाऊ घालणारी बाई तेल लावून गेली, शेक झाला की तिचा डोळा लागतो आणि नेमकी तेव्हाच माणसं बाळ बघायला येतात. आजीनं त्यांना सोप्यात बसवावं, बाळ तिथंच दाखवावं. रात्री पाजून झालं की ढेकर काढायला बाळ दुसऱ्या कुणी घ्यावं, बापानंही. पाचवीच्या रात्री घरभर बायका जागतात. त्यातली एकच जरी सहाव्या, सातव्या रात्री उशाशी राहिली तरी मोठं काम होतं.

मग बोलतं करा. आई जात्यावर बसली की सासरचं सगळं ओवीत सांगायची, आणि ऐकणाऱ्या बायका मध्ये बोलायच्या नाहीत. आमचं जातं आता परड्यात पडून आहे. मी सुपात तांदूळ घेऊन बाळंतिणीजवळ निवडत बसते. हात कामात असले की डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, बाई आपसूक बोलते. “तुला काय कमी आहे?” हे कुणीही म्हणू नका. मी विचारते, “बाळ झोपल्यावर तरी तुला झोप लागते काय गं?” बाळ शांत झोपलंय आणि ही छताकडे बघत जागी आहे, असं असेल तर ते मनात नोंदवून ठेवा.

काही गोष्टी सोडून द्या. पाणी तोडणं, अंधाऱ्या खोलीत कोंडणं, बाळाच्या नाकाशी धुरी. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर खुशाल द्या.

आता दिवस मोजा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणं पुष्कळ जणींना होतं आणि दोन आठवड्यांत जातं. म्हणून १४ व्या दिवसाच्या भेटीला मी जास्त वेळ बसते. त्यानंतरही रडू, धास्ती, कशातच जीव न रमणं चालू राहिलं तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं, डॉक्टरकडे न्या. बाळाला पाजता येईल अशी औषधं असतात. गुण यायला काही आठवडे लागतात. मनानं बंद करू नका.

दुसरं एक दुखणं हजारात एकदोघींनाच होतं, पण त्यात एक दिवसही घालवू नये. झोप उडते, कानात आवाज येतात, घरच्यांवरच संशय येतो, बाळाबद्दल भलतंच बोलते. माझ्या बहिणीला हेच झालं. “बाहेरचं आहे” म्हणून तिला एका बघणाऱ्याकडे नेलं, लिंबू उतरवले, अंगारा लावला, आणि तीन आठवडे गेले. मीही त्या गाडीत होते. शेवटी धारवाडला मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत नेलं आणि ती बरी झाली. देवीची ओटी भरायची तर भरा, पण गाडी आधी दवाखान्याकडे वळवा. तोवर तिला आणि बाळाला दोघांनाच ठेवू नका. बांधून ठेवणं, मारणं तर मुळीच नको. रुग्णाला साखळीनं बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी आहे.

आपल्या भागातली अडचण वेगळीच. महाराष्ट्रातल्या चंदगडची सून बाळंतपणाला माहेरी कर्नाटकात, खानापुराकडे येते, तिकडचे कागद मराठीत आणि इकडचं तायी कार्ड, म्हणजे आईच्या तपासण्यांचं सरकारी कार्ड, कन्नडमध्ये. सोबतचा माणूस डॉक्टरांना एवढंच सांगतो की अशक्तपणा आहे, मग टॉनिक मिळतं. रक्त, थायरॉइड तपासून घ्याच. पण ती जे बोलते ते तिच्याच शब्दांत दवाखान्यात जायच्या आदल्या रात्री मराठीत लिहून घ्या: “काळजात कालवतं”, “बाळाचा लळाच लागेना”, “विहिरीकडे जाऊ वाटतं”. हे शेवटचं वाक्य ऐकलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. कन्नड येणाऱ्या शेजारणीला घ्या, तिला शब्दन् शब्द सांगायला लावा. टेली-मानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी फोनसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रीही फुकट बोलता येतं. मराठी किंवा कन्नड निवडा.

सव्वा महिन्याला आमच्याकडे बाळंतीण विहिरीला हळदकुंकू वाहते. त्यानंतर न्हाऊ घालणारी येत नाही, माझ्याही त्या सहा भेटी संपतात, मुलगी सासरी जाते. नैराश्याचं दुखणं मात्र बाळाच्या वर्षभरात कधीही उमटू शकतं. म्हणून सासूला आणि जावेला आधीच सगळं सांगून ठेवा, आणि आठवड्यातला एक वार तिच्या फोनसाठी ठरवा. बहिणीला मी दर मंगळवारी दुपारी, तिच्या घरी कुणी नसताना, फोन करत असे. बाळाचं विचारण्याआधी तिचं विचारायचे.